आईला भेटल्याचं कुठं लिहिलंय

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात कुणालाच एका जागी बसवत नव्हतं. आप्पा अंगणात फेऱ्या घालत. हातात चिपळ्या असत पण वाजत नसत. नुसत्या बोटांत अडकवून ते दारापासून कडुनिंबापर्यंत जात, वळून परत येत आणि ओठांतल्या ओठांत कीर्तन घोकत. आई एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला लागे. चुलीवर येसराची आमटी ठेवून ती जात्याकडे जाई, जात्यात मूठभर ज्वारी टाकून मध्येच उठे, कुणी हाक मारली असं वाटून फाटकाशी जाऊन उभी राही. तोवर आमटी उतू जाऊन चुलीत चर्र वाजे आणि घरभर करपलेल्या मसाल्याचा वास सुटे. मी सतरा वर्षांची होते. माझं काम पेटी वाजवायचं. पण भात्याला हात घातला की मला बाहेर पळून जावंसं वाटे, आणि बाहेर गेले की वाटे, घरात काहीतरी होईल आणि मी तिथं नसेन.

आमचं गाव येलदरीच्या धरणाच्या पाण्याला लागून, वरच्या अंगाला. गावात ख्रिस्ती घरं आठच. आप्पा शाळेत मास्तर आणि रविवारी या आठ घरांचे उपदेशक. देऊळ म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढं मातीचा ओटा. पण आप्पांचं कीर्तन ऐकायला आठ घरांच्या चौपट माणसं यायची. कुणबी यायचे, धरणावरचे भोई यायचे, बोरीच्या बाजाराहून परतणारी माणसं पिशव्या मांडीवर घेऊन टेकायची. आप्पांचा गळा चांगला होता आणि सांगणं त्याहून चांगलं. पुनरुत्थानाच्या सणापासून पुढचे चाळीस दिवस ते दर रविवारी एक भेट सांगत. मरून तिसऱ्या दिवशी उठलेला येशू आपल्या माणसांना कुठं कुठं आणि कसा कसा भेटला, त्याची एकेक भेट. पहिल्या रविवारी मग्दालीया मरीया, जिला तो बागेतला माळी वाटला. मग अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे, ज्यांच्याबरोबर तो दिवसभर चालला तरी त्यांना ओळखू आला नाही, आणि भाकर मोडताना ओळखू आला तेवढ्यात दिसेनासा झाला. मग दारं लावून बसलेले शिष्य. मग थोमा, ज्याला जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवायचा नव्हता.

कोंडिबा नावाचा एक म्हातारा शेतकरी पुढच्या रांगेत बसे. माळकरी होता, पण एक रविवार चुकवायचा नाही. त्याच्या शंका दरवर्षी त्याच. शिष्यांनी येशूला भाजलेला मासा दिला आणि त्यानं तो खाल्ला, हे आलं की कोंडिबा हात वर करी. "मास्तर, भूत असतं तर खाल्लं नसतं, हे पटलं. पण घास गेला कुठं?" लोक हसत. आप्पाही हसत आणि म्हणत, "कोंडिबा, आपून जेवलेलं कुठं जातं ते तरी आपल्याला कुठं दिसतंय?" या हसण्याखिदळण्यातून ते अलगद पुढं नेत. मला आता वाटतं, आप्पांचा खरा विश्वास त्या कथेच्या शेवटापेक्षा त्या वाटेवर होता. माणसं दुःखानं आंधळी होऊन चाललीत आणि आपलं माणूस शेजारी चालत असून कळत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज एकदम खाली यायचा.

त्या वर्षी मात्र आवाज पहिल्यापासूनच खाली होता, कारण सणाच्या महिनाभर आधी माझा भाऊ गेला होता.

शामू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. नाव शमुवेल, पण सगळ्यांचा शामू. दहावीला गणितात दोनदा नापास झाला. आप्पांनी तिसऱ्यांदा बसायला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, मी टोळीबरोबर ऊस तोडायला जातो. शेजारच्या गयाबाईची टोळी दर दिवाळीला निघायची, भांडीकुंडी, शेळ्या, कोंबड्या, लेकरं घेऊन ट्रकात चढायची ती उन्हाळ्यातच परतायची. आप्पांना ते लागलं. मास्तरचा लेक कोयता घेऊन चालला, असं चावडीवर कुणीतरी म्हटलं होतं. आप्पा शामूला म्हणाले, "गेलास तर मला तोंड दाखवू नको." रागाच्या भरात म्हणाले, पण म्हणाले. शामू आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली आणि आप्पांकडे न बघता गेला. चार महिने त्याची पत्रं आईच्या नावानं येत. आई एकेक अक्षरावर बोट ठेवून वाचायची आणि आप्पा दुसऱ्या खोलीत खाकरत, म्हणजे मोठ्यानं वाच.

मग तार आली. शामू आजारी, लगेच या. आईनं तासाभरात पिशवी भरली, दशम्या बांधल्या आणि चपला घालून उंबऱ्यात बसली. आप्पा म्हणाले, "तू कशाला? देवगाव फाट्यावर गाडी बदलायची, पुढं आणखी दोनदा बदलायची. उन्हाचं तुला सोसायचं न्हाई. मी त्याला घेऊनच येतो." आई म्हणाली, "मी येते." आप्पा म्हणाले, "सुमीला एकटी ठेवायची का मंग?" माझ्याकडे बोट होतं म्हणून आई थांबली. पिशवी आप्पांच्या हातात दिली. सहाव्या दिवशी ते एकटेच परत आले, तीच पिशवी घेऊन. फाटकातच उभं राहून म्हणाले, "मी पोचायच्या आधीच गेला. विषमज्वर होता. कारखान्याच्या गावात आपल्या लोकांचं छोटं देऊळ हाय, त्यांच्या जागेत ठेवला." आई रडली नाही. ती त्यांच्या मागं बघत होती, रस्त्याकडं.

तेव्हापासून ती शुभवर्तमान वाचू लागली. सकाळी भाकरी झाल्या की पुस्तक मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसे, बोट अक्षराखाली सरकवत. दोन-चार ओळी झाल्या की उठे, भांडी घासायला घेई, हात ओले तसेच पदराला पुसून परत येई. चारही शुभवर्तमानांची शेवटची पानं तिनं अशी उठत-बसत वाचली. पानापानात खराट्याची काडी घालून ठेवलेली असे. एकदा तिनं मला विचारलं, "सुमे, हे चारच हायेत का? आणखी कुणी लिहिलं नव्हतं?" मी म्हटलं, पुढं पौलाच्या पत्रात थोडं आहे. तो पाचशे लोकांना एकदम भेटला आणि नंतर याकोबाला भेटला. "याकोब कोणता?" मी म्हटलं, "त्याचा भाऊ म्हणतात." तिनं पुस्तक मिटलं. म्हणाली, "भावाला भेटला म्हण की." आणि उठून गोवऱ्या आणायला गेली. ती काय शोधतेय ते मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, दुःखात माणसं पुस्तकं चाळतात तसं हे.

थोमाचा रविवार झाला आणि त्याच आठवड्यात टोळी परत आली. कारखाना बंद झाला होता. सकाळी ट्रक गावात शिरला तेव्हा आई मागच्या शेतात काटक्या वेचत होती. मी पाण्याला गेले तर विहिरीवर गयाबाई. उन्हानं आणि उसाच्या पाचटानं तिचे हात सोलवटलेले. मला बघून तिनं पोहरा ठेवला, जवळ ओढून पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "लेकी, एक इचारू का? मास्तरीणबाई कामून आल्या न्हाईत? पोरगं लय वाट बगत होतं."

मी म्हटलं, "कशी येणार? आप्पा पोचायच्या आधीच गेला ना तो."

गयाबाईचा हात माझ्या पाठीवर थांबला. "असं कोण म्हणलं?"

मी कळशी खाली ठेवली. तिला बहुतेक कळलं की आपण बोलायला नको होतं, पण अर्ध्यात सोडणाऱ्यातली ती बाई नव्हती. खाली बसली, मलाही बसवलं. "मास्तर आले मंगळवारी. पोरगं गेलं बेस्तरवारी, उजाडताना. दोन दिस मास्तर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. हाललं न्हाई माणूस. पाणी पाजायचे, अंग पुसायचे. पोरगं म्हणायचं, आई आली का? मास्तर म्हणायचे, निघालीय रे, देवगाव फाट्यावर आली असंल. सारखं दाराकडं बगायचं बिचारं. म्या म्हणलं, मास्तर, तार करा, बाईला बलवा. ते हो म्हणले. मला वाटलं केली."

आईला इतक्यात काही सांगू नका, एवढं तिला म्हटलं आणि कळशी तिथंच ठेवून मी निघाले. घराकडं नाही, धरणाकडं चालत सुटले. पाणी उतरल्यामुळं काठाला भेगाळलेला गाळ होता, त्यावरून किती चालले ठाऊक नाही. परत आले तेव्हा आप्पा अंगणात फेऱ्या घालत होते. "कळशी कुठंय?" त्यांनी विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते माझ्याकडे. ते दाराकडं वळायच्या ऐवजी कडुनिंबाशीच थांबले. त्यांना कळलं की गयाबाई आली आहे.

रविवारपर्यंतच्या त्या चार दिवसांचं आजही मला नीट सांगता येत नाही. आईला सांगावं तर घर मोडेल, न सांगावं तर मी त्यांच्या खोटेपणात भागीदार. आप्पा ताटावरून अर्धे उठत. रोज वाटे आज ते सांगतील. मी पुढं नर्स झाले, उभी नोकरी वॉर्डात गेली. अखेरच्या वेळी पिकल्या केसांची माणसंही आईला हाका मारताना मी ऐकली आहेत, आणि "येतेय, वाटेत आहे" असं मीही त्यांना कितीदा सांगितलं आहे. त्या उन्हाळ्यात आप्पांचा आलेला राग आता उरलेला नाही. पण त्या चार दिवसांत मला त्यांच्या पायातल्या वहाणांचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता.

थोमानंतरच्या रविवारची भेट आप्पा दरवर्षी पाण्याच्या काठाला सांगत. भल्या सकाळी सगळे धरणावर जायचे. भोई रात्रीची जाळी ओढून आलेले असत, काठाला निखारे पडत, मासे भाजले जात आणि भाकरीबरोबर सगळ्यांना वाटले जात. त्या दिवशीही तसंच झालं. वारा होता, निखाऱ्यांची राख उडत होती. मी पेटी दगडावर ठेवली. आप्पांनी सुरुवात केली. शिष्य रात्रभर जाळं टाकून हैराण झाले, एक मासा नाही. उजाडलं तर काठाला कुणी उभं. तो म्हणतो, उजव्या अंगाला टाका. जाळं असं भरलं की ओढेना. तेव्हा एक जण पेत्राला म्हणाला, अरे, हा तर प्रभू आहे. पेत्र उघडा होता, त्यानं अंगरखा घातला आणि पाण्यात उडी घेतली. इथं भोई दरवर्षी हसायचे. एक जण म्हणालाच, "मास्तर, पाण्यात पडताना कुणी कपडे काढंल का घालंल?" आप्पांचं ठरलेलं उत्तर होतं की, आपण चुकलेलो असतो तेव्हा आपल्या माणसापुढं उघडं जायची लाज वाटते. त्या दिवशी ते उत्तर त्यांना देता आलं नाही. "हां," एवढंच म्हणाले आणि चिपळ्या उगाच वाजवल्या.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आई उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलत नसे. पदर डोक्यावरून घट्ट ओढून तिनं विचारलं, "मला एक इचारायचंय. मरीयेला भेटला, पेत्राला भेटला, थोमाला भेटला. वाटंनं जाणाऱ्या दोघांला भेटला, भावाला भेटला. आईला भेटल्याचं कुठं लिहिलंय?"

आप्पा म्हणाले, "लिहिलेलं न्हाई."

"कामून?"

कोंडिबा मध्येच मऊ आवाजात म्हणाला, "बाई, आईला तर सगळ्यांच्या आधी भेटला असंल. घरातली गोष्ट, ती कशाला लिवतील?"

"असंल," आई म्हणाली. "पण मी चारीबी वाचले, दादा. वधस्तंभापाशी ती उभी होती, हे लिहिलंय. तिनं त्याला जाताना बघितलं. म्हणून मंग परत दाखवायची गरज वाटली नसंल कुणाला. जिला जातानाबी दिसला न्हाई, तिनं काय करायचं, ते सांगा."

निखाऱ्यावर एक मासा एका बाजूनं जळत होता, तो कुणी उलटला नाही. आप्पांनी माझ्याकडे बघून पेटीची खूण केली. भजन सुरू केलं असतं तर तो क्षण टळला असता. मी हात मांडीवर घेतले. आप्पांनी चिपळ्या खाली ठेवल्या, "आजचं एवढंच," म्हणाले आणि एकटेच गावाकडं चालू लागले. मागं माणसं मासे न खाताच उठली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ते उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसले होते. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मी त्यांना असं बसून राहिलेलं बघत होते. आई पाण्याचा तांब्या भरायला वळली. मी म्हटलं, "आप्पा, तुमी सांगता का मी सांगू?"

आई थांबली. आप्पांनी मान वर केली नाही. "मी पोचलो तवा तो जिता होता," ते म्हणाले. "दोन दिवस होता."

तांब्या आईच्या हातात होता.

"डॉक्टर म्हणले, उतार पडंल. तार करायला मी पोस्टात गेलो होतो. कागद घेतला. लिहिला न्हाई." त्यांनी जमिनीवरून तळहात फिरवला. "तू आलीस की तो तुझा होतो. पहिल्यापासून तसंच हाय. चार महिने त्यानं मला एक अक्षर लिहिलं नव्हतं, आणि तिथं माझ्या मांडीवर डोकं ठेवून माझ्याशी बोलत होता. लहानपणचं बोलत होता. मला वाटलं, आणखी एक दिवस. मंग तार करू. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाटलं. बेस्तरवारी उजाडताना गेला."

"आणि घरी येऊन खोटं कामून सांगितलं?"

"देवगाव फाट्यावर तीन गाड्या सोडल्या मी. काय सांगावं ते ठरंना. मला वाटलं, मलाबी भेटला न्हाई म्हणलं तर आपलं दोघांचं दुःख सारखं होईल."

आईनं तांब्या खाली ठेवला. तिनं फक्त एकच विचारलं, "आई आली का, असं किती येळा म्हणला?" आप्पांनी तोंड भिंतीकडं वळवलं. तिनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात. ते म्हणाले, "मोजलं न्हाई." तेव्हा ती रडली, दोन महिन्यांत पहिल्यांदा, उभ्यानंच, भिंतीला हात लावून. आप्पा उठून जवळ जायला लागले तर तिनं तळहात पुढं केला. मग डोळे पुसून म्हणाली, "मला तिथं जायचंय. गयाबाईला घेऊन जाईन, सुमीला घेऊन जाईन. तुमी येऊ नका. तुमी बघितलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. गयाबाईची अजून भांडीसुद्धा लागली नव्हती, पण ती एका शब्दानं नाही म्हणाली नाही. दीड दिवस प्रवास झाला. आई खिडकीशी बसली होती. प्रत्येक फाट्यावर गाडी थांबली की ती अर्धी उठे, पोचलो का विचारी, पुन्हा बसे. कारखान्याच्या गावाबाहेर टोळ्यांच्या राहायच्या कोप्या उठून गेल्या होत्या. मोकळ्या रानात नुसते चुलींचे काळे दगड आणि पाचट. देवळामागं शामूची जागा होती, मातीचा उंचवटा आणि लाकडाचा क्रूस, त्यावर डांबरानं लिहिलेलं नाव. अक्षर आप्पांचं होतं. आई मातीवर हात ठेवून बसली. मला वाटलं होतं ती तिथं बराच वेळ बसेल. पण थोड्या वेळानं उठली आणि गयाबाईला म्हणाली, "तो झोपला होता ती खोली दाखवा."

दवाखान्याची खोली लहान होती, तीन खाटा, त्या दिवशी रिकाम्या. तिथल्या बाईनं आम्हाला आत येऊ दिलं. गयाबाईनं कोपऱ्यातली खाट दाखवली, डोकं कुठं होतं ते दाखवलं, मास्तर कुठं बसले होते ते दाखवलं. आई त्या खाटेवर बसली. मग आडवी झाली. कुशीवर वळून दाराकडं तोंड करून पडून राहिली. दार उघडं होतं. बाहेर धुळीचा रस्ता, एक चिंच, पलीकडं एस.टी. थांबायची जागा. एक गाडी आली, माणसं उतरली, गाडी गेली. आई बघत होती. "इथून गाडीतून उतरणारं माणूस दिसतं," ती म्हणाली. "मी आले असते तर त्याला उतरल्याबरोबर दिसले असते." गयाबाईनं तिचे पाय दाबायला घेतले. मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले, पण आईच्या आणि रस्त्याच्या मध्ये येणार नाही अशी.

परतताना देवगाव फाट्यावर उतरलो तर आप्पा तिथं होते. चहाच्या टपरीजवळ, दाढी वाढलेली. टपरीवाला म्हणाला, हे मास्तर परवापासून येतायत, पश्चिमेकडून येणारी प्रत्येक गाडी बघतायत. आई त्यांच्यासमोरून चालत गेली, थांबली, आणि मागं न वळता म्हणाली, "जिंतूरची गाडी लागलीय. चला." गाडीत ती गयाबाईशेजारी बसली. आप्पा माझ्याशेजारी बसले. त्यांचा हात बाकावर होता. मी तो माझ्या हातात घेतला, का घेतला ते मलाही तेव्हा कळलं नाही.

पुढची दोन वर्षं आप्पांनी कीर्तन केलं नाही. रविवारी वाचन करीत, प्रार्थना सांगत, बस्स. आई त्यांना जेवायला वाढी, आजारपणात त्यांची सेवा करी, कामापुरतं बोले. तिनं क्षमा केली का, असं माझ्या मुली विचारतात. एका दिवशी केली आणि झालं, असं काही मी पाहिलं नाही. तिसऱ्या वर्षी कोंडिबा आणि भोई घरी आले. म्हणाले, मास्तर, मासे आमी आणतो, तुमी सांगा. आप्पांनी आईकडं बघितलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. त्या रविवारी आप्पा त्यांच्याबरोबर गेले.

काठाला सगळी भेट त्यांनी सांगितली. जाळं, उडी, निखारे, भाकर, आणि प्रभूनं पेत्राला तीनदा विचारलं ते, माझ्यावर प्रेम करतोस का. त्यानंतर ते थांबले. म्हणाले, "यानंतर आईची भेट पाहिजे होती. ती लिहिलेली न्हाई. का न्हाई, ते मला ठाऊक न्हाई. मी ती आपल्या मनानं जोडणार न्हाई. तिच्यासाठी जागा सोडतो." आणि ते हात जोडून नुसते उभे राहिले, इतका वेळ की लोकांना वाटलं संपलं. पुढचं, डोंगरावरची शेवटची भेट, त्यांना सांगताच आली नाही. कीर्तन तिथंच मोडलं. पुढल्या वर्षीही तसंच, आणि त्याच्या पुढल्याही. लोकांना सवय झाली. आप्पा उभे राहिले की माणसं हळूहळू धोतरं झटकून उठत.

त्यानंतरच्या वर्षी मी नोकरीला लागले होते, सणाला सुट्टी काढून आले होते. पेटीवर मीच होते. आप्पा कथेतल्या त्या सोडलेल्या जागेशी येऊन थांबले, हात जोडले, वाऱ्यानं धोतराचा सोगा फडफडत होता. काही माणसं उठू लागली. बायकांच्या बाजूला आई बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन, पाण्याकडं बघत. तिनं पाण्यावरची नजर काढली नाही. पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "बसा रे सगळे. तुमी सांगा पुढं."